काजवा थांबेपर्यंत

कुठेही काही झुलताना दिसलं, की माझे पाय थबकतात. देवळातली साखळीची घंटा असो, दोरीवर वाळणारी चादर असो, नाहीतर दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक असो. ते शेवटी नेमकं कुठे येऊन थांबेल ते मी मनाशी ठरवते आणि थांबेपर्यंत तिथून हलत नाही. घरात यावरून माझी पुष्कळ चेष्टा होते. "आईची समाधी लागली," म्हणतात. लागते खरी. ही खोड मला साळवे मामांनी लावली.

सत्तरच्या दशकाची ती पहिली वर्षं. पुण्याहून एम.एस्सी. होऊन मी नगरच्या एका कॉलेजात फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. वय तेवीस, ज्ञान नुकतंच मिळालेलं, त्यामुळे ते कुणाला देऊ नि कुणाला नको असं झालेलं. मामा आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते, म्हणजे काचा पुसायच्या, उपकरणं मांडायची आणि आवरायची. हे कागदावरचं काम झालं. प्रत्यक्षात त्या प्रयोगशाळेत जे जे नाजूक होतं आणि मोडत होतं, ते सगळं मामांच्या हातून पुन्हा चालतं होत असे. इतर कॉलेजं जी उपकरणं पेटीत घालून दुरुस्तीला बाहेरगावी पाठवत, ती आमच्याकडे खिडकीजवळच्या टेबलावर दोन दिवसांत बरी होत.

अंगात खाकी सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. अंगाला कायम एरंडेलाचा वास. बोलणं कमी. आणखी एक सवय होती, ती मला महिनाभराने लक्षात आली. मामा कधी कुणाच्या हातात वस्तू देत नसत. वजनांची पेटी असो की कपाटाची किल्ली, टेबलावर ठेवत आणि दोन पावलं मागे सरत, मग आपण ती उचलायची. मला वाटलं, काचेच्या वस्तू हाताळणाऱ्या माणसाची ही शिस्त असेल. मी वर्गातल्या मुलांनाही तसं करायला शिकवलं.

आमची पहिली गाठ तराजूवर पडली. रासायनिक तराजूचं पारडं झुलत होतं, काट्याची टोकदार सुई पट्टीवर इकडून तिकडे फिरत होती, आणि मला घाई होती. मी काचेचं दार सरकवून पारड्याला बोट लावलं.

"बाई, धरू नगा त्याला," मागून आवाज आला.

"अहो, मग किती वेळ झुलणार ते?"

"झुलतंय ते झुलू द्या. आपुन धरलं म्हंजी ते थांबत न्हाई. ते आपल्यात येतं."

मला हसू आलं. ऊर्जेचा नियम इतक्या साध्या शब्दांत मी ऐकला नव्हता, आणि तो नियम आहे हेसुद्धा मला त्या वेळी कळलं नाही. मामांनी पारड्याला हलकासा धक्का देऊन ते पुन्हा झुलतं केलं, हात मागे बांधले, सुईची पाच-सहा वळणं पाहिली आणि म्हणाले, "सवादहा." दोनेक मिनिटांनी सुई थांबली. सवादहा. मी त्यांच्याकडून ते दहा वेळा करवून घेतलं. एकदाही चूक नाही. डावीकडची तीन वळणं, उजवीकडची दोन, त्यांची सरासरी, ही रीत पुस्तकात होती, पण मामांनी पुस्तक उघडलं नव्हतं. ते हे देवळाली प्रवरेकडे शिकले होते. तिथल्या एका साखर कारखान्यात ते आधी उसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर होते.

"बैल कुटं उबा ऱ्हातोय बाई? त्यो हालतो, म्हून गाडी हालती, म्हून काटा हालतो. मागं लाइन लागल्याली. हालत्या काट्यातच वजन बगाया लागायचं. आन् खोटं वजन सांगायचं न्हाई."

मी वर्गात अवमंदन शिकवायला घेतलं, तेव्हाची गंमत सांगते. अवमंदन म्हणजे झुलणाऱ्या वस्तूचं झुलणं हवेने, तेलाने, घर्षणाने हळूहळू ओसरत जाणं. मी फळा समीकरणांनी भरून टाकला होता आणि पोरं जांभया देत होती. मामा दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी येऊन पाहते तर टेबलावर तीन उंच बरण्या आणि तीन लोलक, दोऱ्याला टांगलेल्या शिशाच्या गोळ्या. एका बरणीत पाणी, दुसरीत एरंडेल, तिसरीत गावाहून आणलेली काकवी.

त्यांनी तिन्ही गोळ्या एका बाजूला ओढून सोडल्या. पाण्यातली बराच वेळ डुलत राहिली. काकवीतली मध्याकडे यायला निघाली, ती आपली येतेच आहे, येतेच आहे. एरंडेलातली मात्र सरळ मध्यावर आली आणि तिथेच उभी राहिली.

"ही पान्यातली उतावळी," मामा म्हणाले. "ही काकवीतली आळशी. आन् ही मधली शानी."

माझं एकही समीकरण त्या पोरांना आज आठवत नसेल, पण या तिघी आठवत असतील. पुढच्या सोमवारी काकवीची बरणी अर्धी रिकामी झालेली होती. चौकशी केली नाही, कारण त्यातलं चमचाभर मीही खाल्लं होतं.

पण मामांचं खरं घर म्हणजे आमची अंधारी खोली. तिथे भिंतीला धरून एक गॅल्व्हानोमीटर, अगदी क्षीण वीजप्रवाह मोजणारा, ठेवला होता. तारेचं लहानसं वेटोळं, केसाहून पातळ अशा धातूच्या पट्टीला लोंबकळणारं, आणि त्याला चिकटवलेला नखाएवढा आरसा. त्या आरशावर दिव्याची तिरीप पाडली, की समोरच्या दुधी काचेवर उजेडाचा एक ठिपका उमटायचा. वेटोळं जरा हललं की ठिपका काचभर हिंडायचा. मामा त्याला काजवा म्हणत.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. बाहेर पांढरंफटक ऊन, मैदानात धूळ, आणि आत काळे पडदे, गारवा आणि तो काजवा. मधल्या सुट्टीत मामा तिथे स्टुलावर बसून असत. हळूहळू मीही जाऊन बसू लागले. काजवा या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, मग जरा अलीकडून वळे, मग आणखी अलीकडून. पाहता पाहता डोळ्यांवर गुंगी यायची. आपण नगरात आहोत, पगार दोन महिन्यांनी होतो, खोलीवर पाणी एक दिवसाआड येतं, हे सगळं कुठेतरी लांब राहायचं. मला वाटतं, आयुष्यात त्या खोलीइतकी शांत मी कुठेच बसले नाही.

"आता थांबला का न्हाई, सांगा," मामा विचारत.

"थांबला."

"न्हाई थांबला. भिंगातनं बगा."

भिंगातून पाहिलं तर काजवा केसभर हलत असायचा. मी त्यांना सांगितलं, की गणिताप्रमाणे तो कधीच पुरता थांबत नाही, नुसता कमी कमी होत जातो. मामांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. मग म्हणाले, "म्हंजी आपल्याला दिसत न्हाई, येवडंच." आणि अगदी समाधानाने हसले.

या माणसाचा हात कापू लागला आहे, हे मला आधी चहावरून कळलं. मामा ग्लास उचलेनासे झाले. टेबलावर ठेवलेल्या ग्लासाकडे तोंड नेऊन चहा पीत आणि आजूबाजूला पाहत. मग एक थर्मामीटर फुटला. मग दुसरा. आमचे विभागप्रमुख सबनीस सर मनाने वाईट नव्हते, पण फुटलेली काच त्यांना बघवत नसे. चष्मा पुसत ते म्हणाले, "साळवे, वय झालं आता. आणखी काही मोडलं तर तुम्हाला घंटेवर घेतो. तिथे मोडण्यासारखं काही नाही."

घंटेवर म्हणजे फाटकापाशी. तिथे लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगला होता, तासातासाला तो वाजवायचा. मामांनी सरांपुढे नुसती मान हलवली. त्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मात्र बोलले.

"बाई, नोकरीची चार वर्सं ऱ्हायलीत माजी. ती हितंच काडायची हायेत मला. फाटकावर मी कोन? हितं मला ह्या हातानं वळखत्यात."

आणि मग त्यांनी त्या हातावर इलाज सुरू केला. डॉक्टर करून झाला होता, गुण नव्हता. हातात पातळ पट्टी धरली, की मनगट भराभरा थरथरायचं. मामांनी विचार केला तो आपल्या पद्धतीने. हे झुलणं आहे ना, मग याला तेल पाहिजे. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी एक लांबट डबा बनवला, त्यात एरंडेल भरलं. तेलात बुडणारी उलथन्यासारखी एक पाती, पातीला काडी आणि काडीला चामड्याचा पट्टा, तो मनगटावर बांधायचा. मनगट थरथरलं की पातीही तेलात थरथरणार आणि तेल तिला अडवणार.

"मग हात हलायचा कसा?" मी विचारलं.

"तेलाला घाई आवडत न्हाई. सावकाश गेलं तर वाट देतं."

आठवडाभर ते तेलं बदलत होते. गोडं तेल लावलं तर थरथर उरायची, काकवी लावली तर हातच पुढे सरेना. शेवटी एरंडेलात थोडं गोडं तेल घालून जमलं. चैत्राची दुपार होती. पट्टा बांधून मामांनी सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. मी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवून दाराकडे पाहिलं. पुढचे आठ-नऊ महिने त्या डब्याने मामांना प्रयोगशाळेत ठेवलं. सबनीस सरांना वाटलं, साळव्यांचा हात सुधारला.

पौषात विद्यापीठाची समिती यायची होती. फिजिक्स हा स्पेशल विषय सुरू करायला परवानगी द्यायची की नाही, ते ती प्रयोगशाळा पाहून ठरवणार होती. समितीतल्या एकांना गॅल्व्हानोमीटरचा शौक आहे, अशी बातमी सरांनी काढली होती. आणि आदल्या संध्याकाळी कुणीतरी झाडताना त्याच्या पेटीला धक्का लावला, आतली पट्टी तुटली. काजवा विझला. नवी पट्टी एकच शिल्लक होती, मामांच्या सदऱ्याच्या खिशात, कागदाच्या पुडीत.

सकाळी आठला आम्ही दोघं हजर. समिती अकराला येणार. नगरची ती थंडी, बोटं वाकत नव्हती. मामांनी पट्टा बांधला, चिमट्यात पट्टी धरली, डाग द्यायची तापलेली सळई डाव्या हाताशी ठेवली आणि उजवा हात पुढे नेऊ लागले. हात जाईना. त्यांनी जोर केला. अजून जाईना. आणखी जोर केला, तेव्हा पट्टा मनगटावरून सटकन निसटला, हात पुढे आदळला, डबा कलंडला. एरंडेल टेबलावरून ओघळू लागलं, मधासारखं घट्ट, अगदी सावकाश. चिमट्यात पट्टीचे दोन तुकडे होते.

आम्ही दोघं त्या तेलाकडे बघत राहिलो. मामांनी ते चैत्राच्या उन्हात जुळवलं होतं. थंडीत तेल घट्ट होतं, हे त्यांना घरच्या शिशीवरून ठाऊक होतं. आणि मला? मी त्याच महिन्यात तेलाचा दाटपणा तापमानाप्रमाणे कसा बदलतो, याचा तक्ता फळ्यावर लिहून दिला होता, पोरांकडून पाठ करून घेतला होता. तरी आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मला स्वतःची इतकी लाज फार कमी वेळा वाटली आहे.

"झालं," मामा म्हणाले. "घंटा."

"अर्धा तुकडा आहे ना," मी म्हणाले. "अर्ध्यावर नाही का टांगता येणार?"

"यील. वरनं पितळी आकडा लावून टांगता यील. काजवा जरा कमी हिंडंल. पन ह्यो?" त्यांनी आपला हात वर धरला. तो वाऱ्यातल्या पानासारखा हलत होता. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून पाहिला, तर दोन्ही हलू लागले.

खोलीत कुणी नव्हतं. मामा खाली पाहत, फार हळू म्हणाले, "बाई, तुमी धराल का?"

मी पुढे होऊन त्यांचं मनगट घट्ट पकडलं.

"आसं न्हाई. ही काकवी झाली." ते एवढ्यातही हसले. "धरू नगा. नुसता वर ठिवा. मी जाईन तिकडं येऊ द्या."

मी पकड सैल केली आणि तळवा नुसता त्यांच्या मनगटावर ठेवला. माझ्या हाताखाली पाखरू फडफडावं तसं काहीतरी चाललं होतं. मामांनी डोळे मिटले, उघडले. आणि मग आमचे दोन हात मिळून निघाले, सावकाश, पट्टीच्या त्या तुकड्यापर्यंत. वरचा डाग लागला. खालचा लागला. किती वेळ गेला कोण जाणे. मी श्वाससुद्धा त्यांच्या श्वासाबरोबर घेत होते.

"आमच्या गावात," मधेच ते पट्टीवरची नजर न काढता म्हणाले, "माज्या हातचं कुनी घेत नसत. खाली ठिवायचं, मागं सरायचं. मग त्यांनी उचलायचं. सवय न्हाई गेली ती."

काचेच्या वस्तू हाताळायची शिस्त म्हणून मी हीच सवय पोरांना लावत होते.

पडदे ओढले, दिवा लावला. दुधी काचेवर काजवा उमटला आणि डुलू लागला. मी हात काढून घेतला, तर तो माझाच थरथरत होता. मामांनी ते पाहिलं. "आलं न्हवं ते तुमच्यात?" ते म्हणाले.

समितीने तासभर प्रयोगशाळा पाहिली, त्यातला पाऊण तास अंधाऱ्या खोलीत. परवानगी मिळाली. सबनीस सर पेढे वाटत म्हणत होते, "साळव्यांचा हात म्हणजे हात!" मी मनातल्या मनात नाचत होते. मामांची चार वर्षं मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा सरांच्या खोलीत गेले आणि दहा मिनिटांनी बाहेर आले ते फाटकाकडे निघाले. मी धावत मागे गेले.

"काय सांगितलंत सरांना?"

"हाय ते सांगितलं. डबा, तेल, समदं. म्हनलं, कालचा हात माजा एकल्याचा नव्हता. दुसऱ्याचा हात बी धरल्याला हुता."

"कशाला सांगायचं? कुणाला कळणार होतं? मी रोज धरला असता हात!" मी जवळजवळ ओरडलेच. मला त्यांचा भयंकर राग आला होता.

"धरला आसता, ठाव हाय मला. पन सरांनी मला हातासाटी ठिवला आसता, आन् हात तर न्हाई. काट्यावर मी कदी खोटं वजन सांगितलं न्हाई, बाई. ह्ये बी वजनच हाय."

ते घंटेवर गेले. त्यांच्या हाताची थरथर घंटेत उतरली. एका ठोक्याच्या मागे दुसरा बारीक ठोका पडायचा, आणि कॉलेजची घंटा बोबडी झाली अशी पोरं चेष्टा करू लागली. पूर्वीचा शिपाई टोला दिल्यावर रूळ हाताने धरून गप्प करायचा. मामा तसं करत नसत. टोला देऊन मागे सरत आणि लोखंड आपोआप शांत होईपर्यंत उभे राहत. प्रयोगशाळेत खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. मधल्या सुट्टीत मी अंधाऱ्या खोलीत बसायचे आणि काजवा पूर्वीपेक्षा कमी हिंडायचा. मला करमत नसे.

दीड वर्षाने मला पुण्यात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी ट्रंक ठेवून मी रिक्षा फाटकाशी थांबवली. मामा लिंबाखाली उभे होते. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली. मी सवयीने लिंबाच्या चौथऱ्याकडे पाहिलं, ते आता तिथे ठेवतील आणि मागे सरतील म्हणून.

मामा मागे सरले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. पुडी त्यांच्या बोटांत फडफडत होती. मी ओंजळ धरली आणि त्यांनी ती माझ्या हातात दिली. आत पट्टीचा दुसरा अर्धा तुकडा होता. मला रडू आवरेना. मी वाकून नमस्कार केला, तर म्हणाले, "उटा बाई, माजी येळ झाली."

त्यांनी टोला दिला. एक मोठा आणि त्यामागे तो बारीक. रूळ झुलू लागला, मामा मागे झाले आणि त्यांनी हात मागे बांधले. रिक्षा निघाली. मी मागच्या काचेतून बघत होते. मामा माझ्याकडे बघत नव्हते, त्यांचं लक्ष त्या लोखंडाकडे होतं, आणि ते अजून हलत होतं. मग रिक्षा वळली. ते थांबलं तेव्हा मी तिथे नव्हते.